लाइट जायच्या आत

हॅलो?… हॅलो… कोन, मयुरी? हाव, मीच, सुवर्णा. आवाज तुटून राह्यला तुहा… थांब जराक, आणखी वर येते. गावात रेंजच नाही ना. इथं तलावाच्या पाळीवर अन् तिकडे शाळेच्या टेकाडावर, दोनच जागी फोन लागते… हं, आता बोल. येऊन राह्यलं का ऐकू?

हाव, तलावावरच आहे. तूच तं म्हणली होती, शूटिंगच्या आधी जागा पाहून घे म्हणून… एकटीच आली. पूनमले म्हटलं चाल, तं तिचं फॉल-पिकोचं काम चालू आहे. बायांच्या पांढऱ्या साड्या साऱ्या तिच्याचकडे पडल्या आहेत.

अवं ऐक ना, आधी हे ऐक. सकाळचा लाइट नाही जमत इथं… काऊन म्हणजे, उगवतीले शाळेचं टेकाड आहे, सूर्य त्याच्या मागून निंगते. उन्ह पाळीवर पोचेपर्यंत डोक्यावर येते, मंग डोळ्याखाली काळ्या सावल्या. तूच शिकवलं मले ते… संध्याकाळचं पाह्य तू. आता इथं उभी आहे मी, काय उन्ह पडलं, आडवं, पिवळं, पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडं कशी उजळतीन सांग… नाही, नाही, लाइट भाड्यानं नको घेऊ. जनरेटर नको, काहीच नको. तुहा कॅमेरा अन् स्टँड, बस. थर्माकोलले मी चांदीचा कागद लावून ठेवला, पूनम धरून उभी राहीन. गाणं स्पीकरवर लावू, मी गाईन, बाया पाळीवरून एका ओळीत चालतीन. मागं सातपुडा, खाली पाण्यात साऱ्याहीची सावली. एका संध्याकाळी उरकते सारं.

हाव, दिवस मावळायच्या आत. ते तं करावंच लागंन. धम्मचक्र दिनाच्या आधी टाकायचं आहे ना चॅनेलवर.

तू उद्या दुपारपर्यंत ये म्हणजे झालं. मलकापूरहून जळगाव जामोदची एसटी धर, तिथून खैरखुटीची जीप भेटते. जीप नाही भेटली तं फोन कर… अं? तलाव? तुडुंब आहे. परतीच्या पावसानं असा भरला का निरा काठोकाठ. सांडव्यावरून पाणी चालू आहे, आवाज येते ना तुले?… तोच.

थांब एक मिनिट.

नाही, काही नाही. खालच्या अंगाले चमकून राह्यलं काहीतरी… पाण्याच्या नाही, गावाच्या अंगाले. पाळीच्या उतारावर, गवतात. आरसा ठेवल्यावाणी… पाऊस कुठचा, उघडून किती रोज झाले. कोरडं पाह्यजे ते सारं… उन्ह आडवं आहे म्हणून दिसलं मले. दुपारी आली असती तं नजरही नसती गेली.

जाऊन पाह्यते. तू लाइनवर राय… हाव, सांभाळून. निसरडं नाही तेवढं… अवं, चप्पल रुतून राह्यली इथं. पाय टाकला का पाणी वर येते… नाही, वरून नाही वाहत. आतूनच निंगते. दगडाच्या खाली भोक आहे, नळ अर्धवट सोडल्यावाणी धार आहे त्यातून. नितळ आहे तसं. हात लावला, गार आहे.

असंन ना, मलेही तेच वाटते. मातीची पाळ आहे, पाझरतच असंन थोडं. तलावाचं नावच पाझर तलाव.

हं, तं मी काय म्हणत होती, बायांची ओळ. पुढं म्हाताऱ्या ठेवायच्या, का लेकी?… बेबीताईले पुढं ठेवू ना. तिचं तोंड कॅमेऱ्यात लय चांगलं येते, साऱ्या सुरकुत्या उन्हात उठतेत… हाव, तीच, पाळीखालच्या पहिल्या घरातली. आता दिसून राह्यली मले इथून. अंगणात सोयाबीन पसरलं, त्याच्यात बसली. हात केला मी, पण तिले एवढ्या लांबचं नाही दिसत…

मयुरी.

रंग बदलला… पाण्याचा. आत्ता नितळ होतं, आता चहावाणी येऊन राह्यलं… नाही, माह्या पायानं नाही गढूळलं, मी बाजूले उभी आहे. आतूनच तसं येते. अन् धार मोठी झाली. माती आहे यात, बोटाले लागते कचकच… अवं, पाणी माती घेऊन बाहेर पडून राह्यलं म्हणजे काय? ते आत पाळीतली माती खाऊन राह्यलं ना. वर बायाहीले चालवणार होतो आपण.

मले भेव लागून राह्यलं. खरंच.

काय काढू?… व्हिडिओ? आता?… हाव. हाव, बरोबर आहे. तोंडानं सांगितलं तं कोन मानंन. सांग, कसा काढू… आडवा धरला. चप्पल ठेवते धारेच्या बाजूले, म्हणजे केवढी आहे ते समजंन… झूम नाही करत, जवळच जाते. उन्ह पाठीवर घेऊ का?… बाजूले. हं. आधी धार, मंग हात न हालवता वर पाळीपर्यंत, मंग फिरून गाव. समजलं. बोलू त्यात?… नाव, गाव, आज कोनता दिवस. ओरडू नको म्हणते? नाही ओरडत.

राय लाइनवर.

… झाला. हात हालला जराक, पण दिसते सारं. तुले टाकते. कंट्रोल रूमले लाव, ठाण्यात लाव, तालुक्याले कोनी ओळखीचं असंन त्याले लाव, जो उचलंन त्याले पाठव. मी गावात उपसरपंचाकडे जाते, गुलाबराव काकाकडे. तिथं रेंज नाही, शाळेवर चढली का लावते… नाही, तू नको येऊ. तू तिथंच राय, फोन तुह्याच हातात पाह्यजे. जाते मी. जाते… हॅलो? हॅलो…



हॅलो? हं, लागला. मयुरी, शाळेवरून बोलून राह्यली. दम लागला, थांब… नाही, पाळीवर नाही गेली परत. हिंमतच नाही झाली.

आधी तू सांग. उचलला का कोनी?… बरं. बरं… माणसं निंगाली म्हणतेत? पण रस्त्यातल्या नाल्यावर पाणी असंन तं वळसा पडते त्याहीले. किती वेळ लागंन ते नाही ना सांगितलं… तोपर्यंत गाव वर हलवा म्हणतेत. हं. तेच तं नाही होऊन राह्यलं इथं.

काकाले दाखवला ना. बाजेवर बसले होते, चष्मा लावून पुरा पाह्यला त्याहीनं. मंग म्हणतेत, दरसालचं आहे हे, पाझर तलाव पाझरणारच, सणाच्या तोंडावर लोकाहीले घाबरवू नको. मी म्हटलं, काका, नुसतं पाणी नाही, माती येऊन राह्यली. तं हसले अन् म्हणले, "तुमच्या व्हिडिओत काय, साधं पाणीही रक्तावाणी दाखवता तुम्ही." … नाही गं, वाईट माणूस नाहीत ते. मागच्या साली कोनीतरी अशीच आवई उठवली होती, सारं गाव रात्रभर वर कुडकुडत बसलं अन् काहीच झालं नाही. तेव्हा लोक ह्याहीलेच बोलले. म्हणून आता ते तोंड उघडायले तयार नाहीत.

विहारातला भोंगा? विजेची लाइनच नाही दुपारपासून. कामाची माणसं सारी जळगावले बाजारात. गावात बाया, लेकरं अन् म्हातारे. दारोदार गेली ना मी. छाया म्हणते, लेकरू आत्ता झोपलं, उठवत नाही. कोनी म्हणते भाकरी तव्यावर आहे. ऐकतेत, मान हालवतेत अन् घरात जातेत.

नाही, ऐक. आता ऐक माहं. येता येता पूनम भेटली. मी पळून राह्यली अन् हातात फोन, तं ती म्हणते, "शूटिंग आजच आहे का वं? साड्या वाटू का?" अन् बाजूच्या दोघी-तिघी दारात आल्या, म्हणतेत, आमाले आधी सांगायचं ना, केस तं विंचरू दे.

समजलं का तुले?… हाव. तेच. पाणी येऊन राह्यलं म्हटलं तं कोनी उंबरठा नाही ओलांडत, अन् शूटिंग म्हटलं तं केस विंचरून येतेत.

खोटं आहे ना. माहीत आहे मले… काही झालं नाही तं या गावात माहं नाव राहणार नाही. गाणं राहू दे, दारात उभं नाही करायचे कोनी. सण आहे, त्याच्या नावानं बोलावून फसवलं म्हणतीन. माय तं बोलणारच नाही माह्याशी… पण पूनमले नाही फसवत. तिले खरं सांगते, एकटीले. तिच्याशिवाय नाही व्हायचं हे.

तू सांग, काय सांगू लोकाहीले? जागा शाळेचं मैदान. काऊन म्हणून कोनी विचारलं तं?… लाइट. बरोबर. उन्ह आता फक्त टेकाडावरच राहणार आहे, खाली सावली पडली. हे तं खरंच आहे, पाह्यलं तरी पटते… हाव, म्हाताऱ्याहीलेही आणा, लेकरंही आणा, अख्खं गाव पाह्यजे गाण्यात. गुरं?… गुरं कशी मागू?… गाव दाखवायचं म्हणून. बैल, बकऱ्या, जे सुटंन ते. म्हणते तसं.

अन् घाई कर म्हणते, लाइट जाऊन राह्यला. हाव. ते मी रडत म्हटलं तरी चालते, शूटिंगवाले तसेच असतेत ना.

ठेवते. परत लावते… पाळ? इथून दिसते. वरची कड उन्हात आहे अजून. मधात जराशी खाली बसल्यावाणी दिसते मले. का मलेच तसं वाटून राह्यलं काय माहीत. ठेव.



हॅलो? हाव, मीच. हळू बोलते, बाजूले बाया आहेत.

आल्या. लय आल्या, मयुरी. साऱ्या पांढऱ्या साडीत, कोनाच्या फॉलले टाके नाही तं कोनी पिन लावली. गजरे घालून आल्या. तुले सांगू, दिसून राह्यल्या अशा का… माह्यानं पाहवत नाही. हसून राह्यल्या साऱ्या. बेबीताईनं पेटीतून नवी साडी काढली, घडीची रेघ तशीच आहे तिच्यावर. दोघीजणी तिले हाताले धरून घेऊन आल्या. आता विचारते, मले कुठं उभी करतं.

छायाही आली, लेकरू घेऊन. माय आली. म्हातारे व्हरांड्यात बसवले. बैल सारे नाही आले, बकऱ्या आल्या.

फोननंच काढून राह्यली मी. म्हणजे, धरून उभी आहे तशी. म्हटलं, मयुरीचा कॅमेरा उद्या येणार, आज फोनवर रंगीत तालीम… पूनमनं तिच्या मोबाइलवर गाणं लावलं. थांब — पूनम, परत सुरूपासून लाव. हाव, परत चाला साऱ्या. मावशी, तुम्ही मधात या, तिकडे सावली पडते… नाही, उतारावर नका जाऊ कोनी. मैदानातच.

हं, बोल. कुठवर आली माणसं?… नाल्यावरून परत फिरून दुसऱ्या रस्त्यानं. म्हणजे अंधारच होते त्याहीले.

मयुरी, लाइट संपून राह्यला. उन्ह गेलंच, आता नुसता उजेड आहे. किती वेळ चालवू बायाहीले? एकजण म्हणली आत्ताच, झालं ना आता, दिसत नाही काही, स्वयंपाकाले जा लागते. मी म्हटलं एक अजून. एक अजून म्हणत म्हणत किती झाले.

पाळ दिसते. धार इथून नाही दिसत, पण खालच्या वावरात पाणी साचलं, तेवढं चमकते. मघाशी नव्हतं ते.

काका येऊन राह्यले. … चढून राह्यले वर, काठी घेऊन. तू ठेवू नको फोन. चालू राहू दे.

या काका. बसा ना… नाही, शूटिंग नाही चालू. … हाव, कॅमेरा नाही आला. मयुरी मलकापूरलेच आहे, हे काय, फोनवर आहे… पूनम, गाणं बंद कर.

हाव, काका. खोटं बोलली मी. साऱ्याहीशी बोलली. तुम्ही ओरडू नका, मीच सांगते त्याहीले.

ऐका. माय, तूही ऐक. आज शूटिंग नव्हतं. पाळीच्या खालून माती येऊन राह्यली, मी दारात येऊन सांगितलं तं कोनी नाही निंगालं, म्हणून असं बोलावलं. तालुक्याहून माणसं निंगाली आहेत. ते पोचेपर्यंत वर बसा, एवढंच मागते. काही नाही झालं तं सकाळी मले चारचौघात उभी करा अन् काय बोलायचं ते बोला. माह्या गाण्यात नका येऊ. पण आता खाली नका जाऊ…

… मयुरी, आहे का? … माय पाहून राह्यली माह्याकडे. दोघी उठल्या, पदर खोचून राह्यल्या… नाही, बेबीताई नाही उठली. म्हणते, आलीच आहे एवढं नटून तं बसते.

छाया, कुठं निंगाली? नको ना… दूध घरी आहे तं राहू दे. बरं, मंग मी आणते. लेकरू घेऊन तू नको जाऊ, किल्ली दे, मी जाते.

माहीत आहे मयुरी, पण लेकरू रडून राह्यलं, भुकेलं आहे, मीच आणलं त्याले वर… मी पळत जाईन, पळत—

अं? काय म्हणता काका?… नाही, तुम्ही नका. … नाही काका, ऐका ना, तुमच्यानं पळवत नाही…

गेले ते, मयुरी. छायाच्या हातून किल्ली घेतली अन् मले म्हणले, "तू पोरगी आहे, थांब इथं. मी चाळीस साल उतरून राह्यलो हा उतार." अजूनही खरं नाही वाटत त्याहीले, नाहीतं गेले असते का? का वाटते म्हणून गेले, मले नाही समजलं. तोंडाकडे पाह्यलं नाही त्याहीनं माह्या.

दिसतेत. पांढरा सदरा दिसते… टेकाडाखालच्या नाल्याच्या फरशीपाशी पोचले. फरशी ओलांडली का गल्लीच लागते… थांबले. खाली पाहून राह्यले. वाकून पाह्यतेत…

फिरले. मयुरी, फिरले ते. पळून राह्यले वर. हात हालवून राह्यले—

काका, इकडून या. या बाजूनं या, डावीकडून. पूनम, हात दे त्याहीले, जा—

…

हॅलो.

आहे. आहे मी… गेली. पाळ गेली… मधातून. आधी वरचं एकदम खाली बसलं, मंग तिथंच फुटलं… आवाज येते ना तुले? खडीचा ट्रक रिकामा करतेत तसा, पण थांबूनच नाही राह्यला.

आहेत, काका वर आहेत. पायरीवर बसले, छातीले हात लावून. नुसती किल्ली पुढं करून राह्यले छायाकडे… आहेत, सारे आहेत. पूनम एकेका घराचं नाव घेऊन राह्यली, उत्तर येऊन राह्यलं. बाजारची माणसं तिकडेच आहेत, त्याहीले तू कळव, रस्त्यातच थांबा म्हणा. बैल होते खाली. बांधलेले होते.

नाही, ओरडत नाही कोनी. तेच तं. साऱ्या बाया पुढं येऊन खाली पाहून राह्यल्या. लेकरू तेवढं रडते.

दिसत नाही आता काही. अंधार पडला… व्हिडिओ नाही काढला मी. हातात होता फोन, पण तू होती ना लाइनवर. अन् तसंही नसता काढला.

पुढं काय, बसायचं इथं. माय आली बाजूले. शाल टाकली माह्या अंगावर.

मयुरी… हळू बोलते. बेबीताई माह्याच बाजूले बसली आहे. तिले दिसत नाही ना लांबचं. म्हणते, घरात पाणी शिरलं असंन, चूल ओली झाली असंन. सकाळी लवकर खाली जाऊन आधी सोयाबीन वाळत घालते म्हणते.

मी पाह्यलं ना. फुटलं तेव्हा उजेड होता जराक. तिचं घर पहिल्या लोंढ्यातच गेलं. भिंतही नाही राह्यली, तिथं काही होतं असंही नाही वाटत.

नाही. अजून नाही सांगितलं… विचारून राह्यली आता, फोनवर कोन आहे, काय म्हणते ती.

हाव. मीच सांगते. मीच बोलावलं होतं ना तिले वर… ठेव तू. ठेव आता.